नदी दूर गेल्यावर : कोलंबियातील मोंपॉस

दक्षिण अमेरिकेच्या उत्तर टोकाला असलेल्या कोलंबिया देशाची जीवनवाहिनी म्हणजे माग्दालेना नदी. अँडीज पर्वतात उगम पावून सुमारे १,५३० किलोमीटरचा प्रवास करीत ती उत्तरेस कॅरिबियन समुद्राला मिळते. लोहमार्ग व मोटाररस्ते येण्यापूर्वी तीन शतके या देशाचा व्यापार, टपाल, सैन्य आणि राज्यकारभार मुख्यतः या एकाच जलमार्गावर चालत असे. या मार्गावर, समुद्रापासून बरेच आत, सांता क्रूस दे मोंपॉस नावाचे छोटे शहर आहे. आज त्याची वस्ती पंचेचाळीस हजारांच्या आसपास आहे. पण एके काळी त्याच्या धक्क्यावर एका साम्राज्याचे सोने उतरत होते. ज्या नदीने या शहराला वैभव दिले, तीच पुढे त्याला सोडून गेली. त्यानंतर त्या शहराजवळ काय उरले, हे व्यापारावर जगणाऱ्या कुटुंबांनी जाणून घेण्यासारखे आहे.

मोंपॉसचे दैव समजण्यासाठी आधी तेथील भूमी समजून घ्यावी लागते. माग्दालेनेच्या खालच्या खोऱ्यात एक विस्तीर्ण सखल प्रदेश आहे. काउका आणि सान होर्हे या दोन नद्या याच प्रदेशात येऊन मिळतात. जमिनीला उतार फारसा नाही. त्यामुळे पाणी पसरते, गाळ साचतो आणि असंख्य तळी व दलदली तयार होतात. समुद्र अजून दूर असूनही नदी येथे त्रिभुज प्रदेशाप्रमाणे वागते. एल बांको गावाजवळ तिचे दोन फाटे होतात : पश्चिमेकडील लोबा आणि पूर्वेकडील मोंपॉस. हे फाटे पुढे पुन्हा एक होतात आणि त्यांच्यामध्ये एक मोठे बेट उरते. त्या बेटाच्या पूर्व कडेला, मोंपॉस फाट्याच्या डाव्या तीरावर हे शहर वसले आहे.

स्पॅनिश लोकांनी १५४०च्या सुमारास येथे वसाहत केली. शहराचे नाव मात्र तेथील मूळ रहिवाशांच्या प्रमुखावरून पडले असे सांगतात. जागेची निवड विचारपूर्वक होती. किनाऱ्यावरील कार्ताहेना हे बंदर श्रीमंत होते, परंतु समुद्री लुटारूंच्या तडाख्यात सापडणारे होते. १५८६ मध्ये इंग्रज दर्यावर्दी फ्रान्सिस ड्रेक याने ते जिंकून जबर खंडणी वसूल केली. मोंपॉसपर्यंत गलबते घेऊन येणे परकीयांना सोपे नव्हते. त्यामुळे आतल्या प्रांतांतून येणारे सोने-चांदी ठेवण्यास हे ठिकाण सुरक्षित ठरले. १६५० मध्ये कार्ताहेना आणि माग्दालेना यांना जोडणारा कालवा खोदला गेला आणि व्यापारास आणखी जोर आला. वरून सोने, कातडी व तंबाखू येई. खालून स्पेनचे कापड, तेल, लोखंड आणि मद्य जाई. जकातीचे नाके होते, तशी जकात चुकविणारी चोरटी वाहतूकही होती. वखारी, पेढ्या आणि दलाल यांनी नदीकाठ गजबजून गेला.

हा सारा माल ‘चंपान’ नावाच्या लांब, ताडपत्रांनी शाकारलेल्या नावांतून जात असे. प्रवाहाविरुद्ध या नावा वल्ह्यांनी चालत नसत. नावाडी छातीला लांब बांबू लावून, तो नदीच्या तळाशी रोवून नाव पुढे रेटीत. वरच्या ओंदा बंदरापर्यंत पोहोचण्यास अनेक आठवडे लागत. १८०१ मध्ये जर्मन शास्त्रज्ञ अलेक्झांडर फोन हुम्बोल्ट याच मार्गाने वर गेला आणि नदीचा नकाशा त्याने जाता जाता तयार केला. या कामाला आधी मूळ रहिवासी जुंपले गेले. त्यांची संख्या या कष्टांनी व रोगांनी झपाट्याने घटली, तेव्हा आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांवर हा भार पडला. मोंपॉसच्या वैभवाचा जमाखर्च मांडताना ही बाजू वगळता येत नाही. तेथील वाड्यांच्या भिंतींखाली त्या नावाड्यांचे श्रम आहेत.

शहराची रचनाही नदीच्या हुकुमाने झाली. स्पॅनिश वसाहतींत सहसा मध्यभागी एक मोठा चौक असतो आणि त्याभोवती शहर वाढते. मोंपॉसला असा एकच चौक नाही. नदीकाठी एका ओळीत तीन चौक आहेत आणि प्रत्येकाला आपापले चर्च आहे. काठावरचा रस्ता पुराचे पाणी अडविणाऱ्या बांधाचेही काम करतो. त्याच्या मागे समांतर जाणारा ‘मधला राजरस्ता’ म्हणजे सधन व्यापाऱ्यांची पेठ. पांढऱ्या भिंती, कौलारू छपरे, आत अंगण आणि खिडक्यांना घडीव लोखंडी गज अशी तेथील घरे आहेत. १६१३ मधील सांता बार्बारा चर्चचा अष्टकोनी, सज्जा असलेला मनोरा शहराची खूण बनला आहे.

अठराव्या शतकाच्या अखेरीस पेद्रो मार्तिनेस दे पिनियोस हा तेथील मोठा व्यापारी होता. स्पेनमधून आलेल्या या गृहस्थाने नदीच्या व्यापारात अमाप संपत्ती मिळविली. त्याने आणि त्याच्या पत्नीने त्या संपत्तीतून शहरात विद्यालय स्थापन केले. संत पेद्रोच्या नावाचे हे विद्यालय १८०९ मध्ये सुरू झाले. पुढच्याच वर्षी, ६ ऑगस्ट १८१० रोजी, मोंपॉसने स्पेनपासून संपूर्ण स्वातंत्र्य जाहीर केले. आजच्या कोलंबियात असे पाऊल प्रथम टाकणाऱ्या शहरांत त्याची गणना होते. १८१२च्या अखेरीस पराभूत सिमोन बोलिव्हार येथे आला, तेव्हा सुमारे चारशे मोंपॉसवासी त्याच्या सैन्यात दाखल झाले. त्या तुकडीनिशी सुरू झालेली मोहीम ऑगस्ट १८१३ मध्ये काराकासपर्यंत पोहोचली. आपल्याला जन्म काराकासने दिला असला तरी कीर्ती मोंपॉसने दिली, असे बोलिव्हार म्हणाल्याचे तेथे आजही अभिमानाने सांगतात.

स्वातंत्र्यानंतर वाफेच्या नौका आल्या. त्यांना खोल पाणी लागे. नेमक्या याच काळात नदीच्या पोटात बदल होत होता. मोंपॉस फाटा गाळाने उथळ होत चालला आणि मुख्य प्रवाह हळूहळू लोबा फाट्याकडे वळला. एकोणिसावे शतक संपेपर्यंत मोठ्या नौका पश्चिमेकडूनच जाऊ लागल्या आणि त्या बाजूच्या मागांगे गावाला बंदराचे महत्त्व आले. मोंपॉसवर कोणी स्वारी केली नाही, आग लागली नाही, भूकंप झाला नाही. फक्त धक्क्यावर येणाऱ्या नौका कमी होत गेल्या. लक्ष्मी चंचल असते असे आपण म्हणतो. येथे तिची वाटच चंचल निघाली. ज्यांचे भांडवल हलविता येण्यासारखे होते, ते ते घेऊन निघून गेले.

जे हलविता येत नव्हते किंवा ज्यांनी हलविले नाही, ते मात्र टिकले. पहिली गोष्ट म्हणजे वास्तू. जुने पाडून नवे बांधण्याइतका पैसा शहरात राहिला नाही, म्हणून जुने वाचले. हालाखीनेच राखलेल्या या नगररचनेला युनेस्कोने १९९५ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा दिला.

दुसरी गोष्ट म्हणजे सोनारांचा हात. कटकच्या तारकशीशी नाते सांगावे असे नाजूक तारकाम ही मोंपॉसची ओळख आहे. सोन्याची वा चांदीची तार लहान होत जाणाऱ्या छिद्रांतून ओढून केसासारखी बारीक करतात. दोन तारा पिळून, चपट्या करून त्यांची वेटोळी चौकटीत बसवितात आणि झाळून जोडतात. सोन्याचा ओघ आटल्यावर कारागीर मोठ्या प्रमाणावर चांदीकडे वळले. पण बापाकडून मुलाकडे आलेली विद्या त्यांनी सोडली नाही. छोट्या दुकानांच्या मागच्या खोल्यांत हे काम आजही चालते. माल, धातू आणि गिऱ्हाईक बदलले तरी हातातील कसब कोणत्याही प्रवाहाबरोबर वाहून गेले नाही.

तिसरी गोष्ट म्हणजे पिनियोस दांपत्याचे दान. त्यांची पेढी, नावा आणि वखारीतील माल आता कोठेच नाही. त्यांनी काढलेले विद्यालय मात्र पिनियोस या नावानेच चालू आहे. व्यापारात राहिलेली संपत्ती नदीबरोबर गेली आणि समाजाला दिलेली मागे राहिली, असे तेथील दोन शतकांचा इतिहास सांगतो.

मोंपॉसला पोहोचण्यासाठी बराच काळ तराफ्यावर अवलंबून राहावे लागे. २०२० मध्ये मागांगेच्या बाजूकडून लोबा फाट्यावर लांब पूल खुला झाला आणि कार्ताहेनाहून मोटारीने थेट जाणे सोपे झाले. त्यामुळे पाहुणे वाढले, तारकामाला मागणी आली, जुन्या वाड्यांत निवासगृहे निघाली. नदीने नेलेली वाट रस्त्याने परत आणली. ती किती काळ राहील हे कोणी सांगू शकत नाही. दिवसाचा कडक उकाडा ओसरला की तेथील माणसे झुलत्या खुर्च्या दाराबाहेर मांडून बसतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याची विचारपूस करतात. समोर उथळ झालेली माग्दालेना संथपणे वाहत असते. आणि मधल्या रस्त्यावरच्या एखाद्या घरात दिव्याखाली वाकलेला सोनार दिवसाची अखेरची तार चौकटीत बसवीत असतो.