जड झालेलं चाक

मांडवीत आमची जुनी बोट वळता वळेना. समोरून बार्ज येत होती, मांडीवर लेक. यांनी दोन्ही हातांनी चाक ओढलं, तेव्हा कुठं वाचलो.

धक्क्यावर मेकॅनिकनं स्टिअरिंगची केबल इंजिनापासून सोडवली. इंजिन एका हातानं सहज फिरलं. म्हणजे अडलं होतं केबलमध्येच. चातुर्मासभर बोट काठावर, चाक कुणी हलवलंच नाही. खारं पाणी शिरून आतली तार गंजलेली.

"वरून तेल घालून काय उपयोग, वहिनी? नवीच घाला."

चाक जड लागतंय, हे यांनी महिनाभर सांगितलं होतं. खर्च नको म्हणून मीच 'चालतंय की' म्हणत राहिले. केबल बदलली, चाकामागची झिजलेली दातेरी पेटीही. त्या संध्याकाळी प्रतिक्रमणाला बसले, तर आधी तेच 'चालतंय की' आठवलं.