बालीची सहल, खर्चाचा हिशोब आणि पाण्याची पाळी

बालीचे फोटो टाकल्यापासून दोनच प्रश्न येताहेत. खर्च किती आला, आणि तिथली शेती बघितली का. दोन्हीची उत्तरं एकदाच लिहितो.

गेलो चौघं. मी, आमची मंडळी, मुलगा आणि मुलगी. एप्रिलचा शेवटचा आठवडा धरला. गहू-हरभरा घरात आला होता, कांदा चाळीत होता, गुरांकडे मेहुणा बघणार होता. पोरांची आई लग्नाला 28 वर्षं झाली तरी सलग आठ दिवस गोठा सोडून कुठं राहिली नव्हती. म्हणून यंदा जायचंच ठरवलं.

आधी हिशोब. आम्ही गेलो तेव्हा 1 रुपयाला साधारण 190 रुपिया पडत होते.

विमान, क्वालालंपूरला बदलून, माणशी 26,000 : 1,04,000
व्हिसा माणशी 5 लाख रुपिया आणि प्रवासी कर दीड लाख रुपिया, चौघांचे : 13,700
घरगुती राहण्याची सोय, 2 खोल्या, 6 रात्री : 22,100
ड्रायव्हरसह गाडी, 4 दिवस : 12,600
जेवणखाण : 12,000
तिकिटं आणि किरकोळ : 5,500
धुळे-मुंबई जाऊन येऊन : 5,000
एकूण : 1,74,900

लाखांच्या नोटा बघून पहिल्या दिवशी छाती दडपते, पण शेवटची तीन शून्यं झाकून हिशोब केला की सोपं जातं. आम्ही समुद्रकाठी न राहता उबुदजवळच्या एका खेड्यात राहिलो, तिथं खोली स्वस्त. जेवायला रस्त्याकडेची छोटी खानावळ बघायची, तिला 'वारुंग' म्हणतात. भात, भाजी, टोफू आणि सोयाबीन आंबवून केलेलं टेंपे, एवढ्यावर पोट भरतं. शाकाहारी असाल तर मिरचीच्या चटणीत झिंगा आहे का ते आधी विचारा, बऱ्याचदा असतो.

आता शेती.

अख्खं बेट ज्वालामुखीचं. आगुंग डोंगर 3,000 मीटरपेक्षा उंच आहे. 1963 साली तो फुटला तेव्हा हजारावर माणसं गेली. 2017 साली त्याच्या राखेमुळं विमानतळ बंद ठेवावा लागला होता, म्हणून प्रवासाचा विमा काढूनच जा. दुसरा डोंगर बातुर. 1926 च्या उद्रेकात त्याच्या पायथ्याचं गाव लाव्ह्याखाली गेलं, मग गावकऱ्यांनी वर कड्यावर नवं गाव वसवलं. खाली तळ्याकाठी काळ्या दगडांच्या रानाला लागून कांदा, टोमॅटो, कोबी उभा होता. मी माती हातात घेतली. हलकी, भुसभुशीत, पाणी झटकन पिणारी. आपली काळी जमीनही लाव्ह्याच्या दगडाचीच, पण तो दगड साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. झिजून झिजून त्याची चिकण माती झाली, म्हणून ती पाणी धरते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिथली राख अजून तरुण आहे.

मला खरं बघायचं होतं ते तिथलं पाणीवाटप. त्याला 'सुबक' म्हणतात. एका बंधाऱ्यावर, एका पाटावर भिजणारे सगळे शेतकरी मिळून एक सुबक. हजार वर्षांची जुनी पद्धत आहे, 2012 साली युनेस्कोनं तिला जागतिक वारसा म्हटलं. जातिलुविहला उतरणीवर भाताच्या पायऱ्या आहेत. तिथं पाटात एक आडवा ओंडका टाकलेला होता, त्याला कमीजास्त रुंदीच्या खाचा. ज्याचा जेवढा वाटा तेवढी त्याची खाच. पाणी कमी येवो की जास्त, वाट्याचं प्रमाण तेच राहतं. साक्री तालुक्यातल्या माझ्या मित्रांना हे वेगळं सांगायला नको. पांझरेवरच्या आपल्या फडाचीच ही भावकी. आपला पाटकरी, तसा त्यांचा 'पेकासेह'.

तिथं बांधावर एक वयस्क शेतकरी भेटले. पोरीनं मोबाईलवर भाषांतर लावलं. मी विचारलं, "वरच्या अंगाला ज्याचं शेत आहे त्याला पाणी आधी मिळतं. मग तो खालच्यांचं का ऐकतो?"

ते हसले आणि म्हणाले, "उंदीर."

मग त्यांनी समजावलं. सगळ्यांनी एकाच वेळी लावणी केली, एकाच वेळी कापणी केली आणि रान एकाच वेळी मोकळं ठेवलं, तर उंदराला आणि तुडतुड्याला खायला काही उरत नाही. वरच्यानं पाण्याच्या जोरावर कधीही लावलं, तर खालचा पाण्याविना अडचणीत येतो, तोही मग त्याला वाटेल तेव्हा लावतो, आणि किडीला बारा महिने जेवण मिळतं. ती कीड वरच्याच्याही शेतात जाते. म्हणजे खालच्याला पाणी हवं, वरच्याला किडीपासून सुटका हवी, आणि दोघांनाही एकमेकांची गरज. 1970 च्या दशकात तिथं सरकारी योजनेत 'वर्षभर भात लावा' असं झालं, पाळ्या मोडल्या, तेव्हा तुडतुड्यानं भात बसवला. पुढं जुन्या पाळ्या परत धराव्या लागल्या. लान्सिंग नावाच्या अमेरिकन अभ्यासकानं हे सगळं कागदावर मांडलंय.

मुलगा शेजारी उभा राहून ऐकत होता. त्याचं आणि माझं महिनाभर ज्यावरून वाजत होतं तो विषय हाच.

आमचं 4 एकराचं रान फडाच्या तोंडाला आहे. विहिरीला पाणी आहे, यंदा ठिबकही झालं. त्याचं म्हणणं, मे महिन्यात कापूस टोचू, दसऱ्याआधी पैसा हातात. हिशोब त्याचा चूक नाही. पण खालचे चौदा जण पावसावर, जून संपता संपता लावणारे. मेच्या कापसाला लवकर पात्या-फुलं येतात आणि गुलाबी बोंडअळीच्या पहिल्या पतंगांना तिथं अंडी घालायला जागा मिळते. तिथून पिढ्या वाढत खाली सरकतात. तेच रान जूनपर्यंत मोकळं राहिलं तर ते पतंग पीक न मिळताच मरून जातात. कृषी खातं हे दरवर्षी सांगतं. पण खालच्यांसाठी आपण का थांबायचं, याचं उत्तर मला त्याला देता येत नव्हतं. बालीच्या म्हाताऱ्यानं एका शब्दात दिलं. सप्टेंबरनंतर ती अळी खालून परत आपल्याच फरदडीत येणार आहे.

मुलगा लगेच मानला असं नाही. "आप्पा, आपण थांबलो आणि बाकीच्या सहा विहिरीवाल्यांनी लावला तर?" हा त्याचा प्रश्न रास्त आहे. एकट्यानं थांबून उपयोग नाही, तोटा मात्र एकट्याचा. तिथंही एकट्याच्या भरवशावर चालत नाही, सुबकाची बैठक होते, नियम लिहिलेले असतात, मोडला तर दंड असतो. आणि तिथंही सगळं गोड नाही. उबुदच्या आसपास भाताची खाचरं विकून बंगले उभे राहताहेत. मधलं एक शेत गेलं की त्याच्यातून जाणारा पाट तुटतो आणि खालच्याची शेती आपोआप मोडते.

तर आमचं ठरलंय असं. यंदा आमच्या 4 एकरात पाऊस पडून 15 जून झाल्याशिवाय सरकी टोचणार नाही. पुढच्या आठवड्यात पाट साफ करायला सगळे जमतील, तिथंच सहा विहिरीवाल्यांसमोर हा विषय मुलगा मांडणार आहे. मी नाही, तोच. त्याच्या वयाच्यांचं आता ते जास्त ऐकतात.

तुमच्या शिवारात लागवडीची एकच तारीख धरून कुणी सलग दोन-तीन हंगाम काढले असतील, तर बोंडअळीत काय फरक पडला ते जरूर लिहा. बैठकीत वाचून दाखवीन.