रझांनी लँडस्केप सोडलंच नाही

सय्यद हैदर रझा यांच्या कारकिर्दीचे सर्रास दोन तुकडे पाडले जातात: आधीचे निसर्गचित्रकार रझा आणि नंतरचे बिंदूवाले, म्हणजे भरीव वर्तुळ रंगवणारे रझा. ही वाटणी मला पटत नाही. झाड काढलं की वर्तुळ, यापेक्षा चित्रकार चौकटीतली जागा कशी बांधतो हे पाहायला हवं. १९४०च्या दशकात, जे.जे. कला महाविद्यालयात शिकत असताना, रझा पावसात भिजलेली मुंबई जलरंगांत रंगवत होते. ओल्या कागदावर रंग सोडायचा आणि तो पसरायच्या आत इमारतीची कड राखायची, याला हातात सफाई लागते. पण ही सफाईच पुष्कळदा घात करते. वातावरण इतकं देखणं उतरतं, की बांधणी कच्ची असली तरी खपून जाते. १९४८ मध्ये काश्मीरमध्ये छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांनी नेमकं इथंच बोट ठेवलं: रझांच्या चित्रांना बांधणी नाही, फ्रेंच चित्रकार सेझान अभ्यासा. १९५० मध्ये रझा पॅरिसला गेले आणि लवकरच त्यांच्या चित्रांतली ओल पार आटली. ‘ओ द कान्य’ या चित्रात माणूस औषधालाही नाही, एकमेकांना खेटून बसवलेली घरं आणि वर काळा सूर्य. पुढे तैलरंगांचे जाड थर आले, गावं त्यांत विरघळली. मग अ‍ॅक्रिलिक आलं. ते झटकन वाळतं, त्यामुळे शेजारशेजारचे दोन रंग एकमेकांत न कालवता कडेला कड भिडवता येते. १९८३चं ‘सौराष्ट्र’ पाहा: २०० बाय २०० सेंटिमीटरचा कॅनव्हास, चौकटींत आणि पट्ट्यांत विभागलेला, पण पट्ट्यांच्या आत ब्रशचे मोकळे फटके. बांधणी सेझानच्या धड्यातली, ऊन मात्र आपल्याकडचं.

यावर कुणी म्हणेल, ‘सौराष्ट्र’ही लँडस्केप असेल तर कुठलंही अमूर्त चित्र लँडस्केप ठरेल. नाही ठरणार. शीर्षकात प्रदेशाचं नाव आहे, हा पुरावा मी धरतच नाही. नाव काय, कशालाही देता येतं. रझांच्या लहानपणचं मंडल्याचं जंगल, वनखात्यातले वडील, शाळेत मास्तरांनी भिंतीवर काढून दिलेला ठिपका, या हकिकतीही बाजूला ठेवू. चित्रात काय दिसतं ते बघायचं. ‘सौराष्ट्र’मधले तांबडे-पिवळे सुटे ठेवले तर नुसते भडक वाटतील, काळ्याशेजारी बसवल्यावर ते तापतात. जागेला उष्णता देणं हे निसर्गचित्रकाराचंच काम. दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे: शेवटच्या वर्षांत तीच वर्तुळं, तेच त्रिकोण पुन्हा पुन्हा आले. हे खरंच आहे. त्यांतली बरीच चित्रं मला कोरडी वाटतात. तोल मधोमध इतका पक्का, की नजरेला फिरायला जागा उरत नाही. पण म्हणून १९८०च्या आसपासची चित्रंही त्याच गठ्ठ्यात बांधणं अन्यायाचं आहे. त्या काळातलं एखादं चित्र प्रदर्शनात समोर आलं, तर तळहात डोळ्यांपुढे धरून बिंदू तेवढा झाका आणि उरलेलं चित्र आधी बघा.