बाहेर पडण्याचा कागद

जानेवारी २०२० मध्ये आम्ही मिलानला आलो. नवऱ्याची बदली झालेली, लेक दुसरीत. निवास परवान्याचा अर्ज पोस्टातून गेला होता आणि त्याची पावती मी पासपोर्टांसोबत ठेवत असे. या देशात आपण रीतसर राहतोय, याचा तेवढाच पुरावा माझ्याजवळ होता. भाषा जवळजवळ नव्हतीच.

कोदोन्यो हे नाव २१ फेब्रुवारीला कानावर आलं. मिलानहून साठेक किलोमीटरवरचं छोटं गाव, तिथे कोरोनाचा रुग्ण सापडला होता. दोन-तीन दिवसांत ते आणि आसपासची मिळून दहा गावं बंद झाली, आमच्या लोम्बार्दी प्रांतातल्या शाळाही. शाळेचा मेसेज मी ॲपमधून मराठीत करून वाचला. शाळा आठवडाभर बंद, एवढंच समजलं.

७ मार्चच्या रात्री बातमी फुटली की अख्खा प्रांत बंद होणार. लोक बॅगा घेऊन स्टेशनकडे धावले, दक्षिणेकडच्या गाड्या पकडायला. त्यांना घरं होती तिकडे. आम्ही दोघं स्वयंपाकघरात उभे राहून एकमेकांकडे बघत होतो. जायचं ते कुठे? भारतात जावं तर वाटेत विमानतळ, गर्दी, आणि पुण्यात उतरून सत्तरीच्या आई-बाबांच्या घरात शिरायचं. आम्ही थांबलो. पुढे १५ मार्चला एअर इंडियाच्या विमानाने मिलानहून २१८ भारतीय दिल्लीला गेले. त्यांत बहुतेक विद्यार्थी होते. तेव्हा पुन्हा पोटात कालवलं, पण निर्णय बदलला नाही.

९ मार्चला पंतप्रधान जुझेप्पे कोंते यांनी बंदी साऱ्या देशाला लागू केली. आता घराबाहेर पाऊल टाकायचं तर खिशात ‘आउतोचेर्तिफिकात्सियोने’ हवं. आपलं आपणच लिहून द्यायचं निवेदन: मी अमुक, जन्म अमुक गावी, अमुक पत्त्यावरून तमुक ठिकाणी जातेय, कारण काम, आजारपण किंवा गरज. खोटं लिहिलं तर गुन्हा. घरात प्रिंटर नव्हता. वरच्या मजल्यावरच्या आजी (त्यांना सगळे सिन्योरा म्हणत, म्हणून आम्हीही) जिन्यात दोन पायऱ्या सोडून उभ्या राहिल्या आणि त्यांनी मजकूर सावकाश सांगितला, मी वहीत उतरवला. कागद हाताने लिहिला तरी चालतो, हे मला त्यांच्याकडूनच कळलं. महिना संपायच्या आत नमुना अनेकदा बदलला, आणि नवा निघाला की मी पुन्हा लिहायला बसे. जन्मगावाच्या जागी ‘सातारा’ लिहिताना दर वेळी हात क्षणभर थांबायचा. रस्त्यावरच्या पोलिसाला त्या नावाचं काय कळणार होतं?

त्या लिहिण्यातूनच मला इटालियन येऊ लागलं. बाजारातून, शेजाऱ्यांच्या गप्पांतून येते तशी भाषा माझ्या वाट्याला आली नाही. माझ्या ओळखीचे पहिले शब्द ‘गरज’, ‘विलगीकरण’, ‘निवासस्थान’ असे होते. लेकीचे मात्र वेगळे होते. तिने शाळेच्या ऑनलाइन वर्गातून ‘अंद्रा तुत्तो बेने’ उचललं, सगळं ठीक होईल, आणि इंद्रधनुष्य काढून खाली ते लिहून गॅलरीत टांगलं. समोरच्या इमारतींतही तशीच चित्रं होती.

दुकानात घरटी एकानेच जायचं. बाहेर रांग, माणसामाणसांत मीटरभर अंतर. यीस्ट आणि पीठ सगळ्यांत आधी संपे, कारण सारा देश घरी पाव भाजत होता. मला पोळ्यांची चिंता. इथला पांढरा मैदा चालेना. सिन्योरांनी ‘सेमोला रिमाचिनाता’ सुचवलं, बारीक दळलेला पिवळसर रवा. तो कोमट पाण्यात भिजवून तासभर झाकून ठेवला की पोळी बऱ्यापैकी लाटता येते. त्यांचं सामान नवरा आमच्या सामानाबरोबरच आणू लागला. यादी त्या दाराला चिकटवून ठेवत.

रोज संध्याकाळी सहाला नागरी संरक्षण विभाग आकडे सांगे. २७ मार्चला एका दिवसात ९६९ मृत्यू. आकडे ऐकायला भाषा लागत नाही. बाकी दिवसभर रुग्णवाहिका ऐकू यायच्या, आणि लेक विचारायची, “आई, ही आपल्या गल्लीत थांबणार का?”

तोवर पुण्याहून रोज फोन. बाबा म्हणत, “काय लागेल ते सांग, पैशांची काळजी करू नकोस.” जणू पैसे पाठवले की झालं. माझ्या आवाजावरून मी किती घाबरलेय ते आईला बरोबर कळायचं.

२४ मार्चला आमच्या दुपारी साडेतीनला, म्हणजे भारतात रात्री आठला, पंतप्रधान मोदींचं भाषण लागलं. मध्यरात्रीपासून भारतही बंद. दुसऱ्या दिवशी पाडवा. झाडूच्या दांड्याला माझी जरीची ओढणी बांधली, वर स्टीलचा पेला पालथा घातला आणि लेकीच्या इंद्रधनुष्याशेजारी गुढी उभी केली. कडुलिंब नव्हता, गूळही नव्हता. समोरच्या गॅलरीतल्या एका माणसाने हात हलवला. गुढी म्हणजे काय हे त्याला ओरडून सांगण्याइतकं इटालियन मला येत नव्हतं, म्हणून मीही नुसता हात हलवला.

त्या दिवसापासून फोन मी करू लागले. बाबांना मधुमेह, औषधं संपत आलेली, विमानं बंद. आम्ही इथे तीन आठवड्यांत शिकलेलं सगळं मी आईला सांगू लागले: एकानेच बाहेर जायचं, यादी आधी करायची, चपला दाराबाहेर, आल्याबरोबर हात साबणाने. आई म्हणाली, “अगं, तू तर अगदी सासूसारखी बोलतेस.” मी हसले नाही. मला तिने ते लिहून घ्यायला हवं होतं.

४ मेपासून इथे बंधनं सैल झाली, प्रांतातल्या नातेवाइकांना भेटता येऊ लागलं. सिन्योरांना मोंझाला बहिणीकडे जायचं होतं, पण त्यांचा हात थरथरतो, म्हणून त्यांचा कागद मी लिहिला, मजकूर न विचारता, नमुना न बघता. पुण्यात त्याच आठवड्यात रुग्ण वाढत होते आणि आईच्या गल्लीच्या तोंडाशी पत्रे ठोकले होते. औषधं पत्र्यापलीकडे कोण आणून देणार, ते मी त्याच संध्याकाळी त्यांच्या शेजारच्या मुलाशी फोनवर बोलून ठरवलं.