गोलेनबर्गचा उतार

मुले-नातवंडे जर्मनीत स्थिरावल्यामुळे आपल्यापैकी काही जण हल्ली उन्हाळ्यात महिना-दोन महिने बर्लिनला राहून येतात. राजवाडे आणि वस्तुसंग्रहालये पाहून झाली की एक दिवस श्टॉल्न या खेड्यासाठी राखून ठेवावा, अशी माझी शिफारस आहे. बर्लिनच्या वायव्येला सत्तर-ऐंशी किलोमीटरवर, सखल शेतांच्या मुलखात ते वसले आहे. गावाला लागूनच गोलेनबर्ग नावाची टेकडी आहे. तिची उंची समुद्रसपाटीपासून जेमतेम 110 मीटर. सह्याद्री पाहिलेल्या माणसाला तिला टेकडी म्हणतानाही संकोच वाटावा. परंतु माणूस हवेत तरंगायला, आणि मुख्य म्हणजे धडपणे खाली उतरायला, ज्या मोजक्या ठिकाणी शिकला त्यांपैकी हे एक आहे.

शिकणारा होता ओट्टो लिलिएंथाल. जन्म 1848 चा, व्यवसायाने अभियंता. 1891 पासून पाच वर्षांत त्याने सुमारे 2000 उड्डाणे केली. लाकडी काड्यांवर कापड ताणून केलेले सुमारे वीस किलोचे पंख तो खांद्यांवर घेई आणि वाऱ्याच्या दिशेने तोंड करून उतारावरून धावत सुटे. 1894 मध्ये त्याने बर्लिनच्या लिश्टरफेल्ड भागात पंधरा मीटर उंचीची शंकूच्या आकाराची टेकडी स्वतःच रचून घेतली. शंकूच का? वारा कोणत्याही दिशेने वाहो, त्याला सामोरे जाऊन उडता यावे म्हणून. ती आजही एका उद्यानात उभी आहे. माथ्यावरील स्मारकापर्यंत पायऱ्या आहेत. लांब उड्डाणांसाठी मात्र त्याला गोलेनबर्गच आवडे. येथे तो अडीचशे मीटरपर्यंत तरंगत जाई.

उतरण्याची त्याची रीत पक्ष्यांकडून घेतलेली होती. जमीन जवळ आली की तो शरीराचा भार मागे टाकी. पंखांचे पुढचे टोक वर उचलले जाई, वेग मरे आणि पाय अलगद टेकत. आजचे हँग ग्लायडर चालवणारेही शेवटच्या क्षणी हेच करतात. फरक एवढाच की ते पट्ट्यांनी पंखाखाली लोंबकळतात, म्हणून सारे शरीर हलवू शकतात. लिलिएंथाल काखेत आणि कोपरांवर तोललेला असे. हलवायला त्याच्याकडे बहुतांशी पायच उरत.

या उतरण्याची तयारी पाय टेकण्याच्या बरीच आधी सुरू होते. हँग ग्लायडरला इंजिन नसते, त्यामुळे उतरण्याची जागा चुकली तर पुन्हा वर जाऊन दुसरा प्रयत्न करता येत नाही. म्हणून पुरेशी उंची हाताशी असतानाच मैदान हेरायचे. धूर, झेंडा, गवत यांवरून वारा ओळखायचा. मग मैदानाच्या कडेने वाऱ्याबरोबर जायचे, काटकोनात वळायचे आणि शेवटचा टप्पा वाऱ्याला सामोरे येत सरळ घ्यायचा. नवशिक्याची चूक ठरलेली असते: जमीन दिसू लागताच भीतीने वेग कमी करणे. झाडे आणि गवत अडवत असल्यामुळे जमिनीलगतचा वारा मंद असतो. अशा वाऱ्यात सावकाश शिरलेल्या पंखाचा आधारच सुटतो. म्हणून शेवटच्या टप्प्यात उलट थोडा जास्त वेग ठेवायचा, जमिनीला समांतर तरंगत वेग आपोआप ओसरू द्यायचा आणि नेमक्या क्षणी दांडा पूर्ण जोराने पुढे-वर ढकलायचा. नजर दूर समोर. पायांकडे पाहणारा फार लवकर किंवा फार उशिरा ढकलतो. अर्धवट ढकललेले सर्वांत वाईट; मग नाक जमिनीत रुतते आणि दांडा घट्ट धरून ठेवणाऱ्याचे दंडाचे हाड पिळवटून मोडते.

आपण कधी हँग ग्लायडरला हात लावणार नाही, हे मला ठाऊक आहे. परंतु माझ्या दवाखान्यात येणारे वृद्ध चढताना नव्हे, बहुधा उतरतानाच पडलेले असतात: जिना, बसची पायरी, पलंगाची कड. खुर्चीत बसणे हेही एक उतरणेच. पाठीमागे अंदाजाने धप्पकन बसल्यास ठिसूळ झालेला मणका तेवढ्यानेही दबतो. म्हणून आधी पूर्ण वळावे. दोन्ही पायांना मागून खुर्चीचा स्पर्श झाल्याशिवाय गुडघे वाकवू नयेत. मग हात मागे नेऊन खुर्चीचे हात धरावेत, कमरेतून किंचित पुढे झुकावे आणि मांड्यांच्या जोरावर सावकाश खाली यावे. मांड्यांचा हा जोर रोज दहा वेळा उठण्या-बसण्याने टिकतो. कोणत्याही टॉनिकने नव्हे. आजी-आजोबांना सांभाळणाऱ्यांनी त्यांचे मनगट ओढू नये. बाजूला, किंचित मागे उभे राहून कमरेला आधार द्यावा. जिना उतरवताना आपण एक पायरी खाली असावे. उतरताना दुखरा पाय आधी, चढताना चांगला.

9 ऑगस्ट 1896 रोजी गोलेनबर्गवर लिलिएंथालचा पंख हवेतच थबकला. पाय झोकून त्याने नाक खाली आणण्याचा प्रयत्न केला, पण सुमारे पंधरा मीटरवरून तो कोसळला. मानेचा मणका मोडला, असे सर्वसाधारणपणे सांगितले जाते. त्याला रेल्वेने बर्लिनला नेले आणि दुसऱ्या दिवशी तेथेच त्याचा मृत्यू झाला. मान दुखावलेल्या माणसाचा असा प्रवास आज कोणताही डॉक्टर मान स्थिर केल्याशिवाय होऊ देणार नाही. घरात कोणी डोक्यावर किंवा मानेवर पडले, तर त्यांना चटकन उठवून बसवण्याचा मोह आपणही टाळावा आणि रुग्णवाहिका बोलवावी.

टेकडीच्या पायथ्याशी गवतात एक भले मोठे प्रवासी विमान उभे दिसेल. ते पूर्व जर्मनीच्या विमान कंपनीचे इल्युशिन-62. त्याला एरवी दोन-अडीच किलोमीटरची धावपट्टी लागते. 23 ऑक्टोबर 1989 रोजी कप्तान हाइन्त्स-डीटर काल्बाख यांनी ते सुमारे 900 मीटरच्या गवताळ पट्टीवर उतरवले. तेव्हापासून ते लिलिएंथालच्या स्मरणार्थ येथेच आहे. त्याच्या पत्नीच्या नावावरून त्याला ‘लेडी आग्नेस’ म्हणतात. आत जायला जिना चढावा लागतो. परत येताना कठडा धरावा आणि दुहेरी भिंगाचा चष्मा असल्यास हनुवटी खाली घेऊन वरच्या भिंगातून पायऱ्या पाहाव्यात. खालच्या भिंगातून त्या धूसर दिसतात. गुडघे साथ देत नसतील तर खाली गवतावर बाक शोधून बसावे. विमान तेथून अधिक चांगले दिसते.