अंथरुणावरून सुरू झालेली गाणी

"ऊठ आता, अकरा वाजले! कुंभकर्ण बरा म्हणायचा तुझ्यापुढे!"

दोन वर्षांपूर्वी हे वाक्य आमच्या घरात रोज ऐकू येई. बोलणारी मी आणि ऐकणारी माझी एकोणीस वर्षांची लेक. तिला ताप आला होता. ताप आठवड्याभरात उतरला, पण थकवा गेलाच नाही. रक्त तपासलं, थायरॉइड पाहिलं, सगळे रिपोर्ट नॉर्मल. रिपोर्ट नॉर्मल म्हणजे मुलगी ठणठणीत आणि ठणठणीत मुलगी दिवसभर लोळते म्हणजे आळशी, असा माझा सरळ हिशोब होता.

सासूबाई म्हणाल्या, "मोबाइल काढून घे, आपोआप उठेल." मी तेही करून पाहिलं. ती भांडली नाही. एवढंच म्हणाली, "आई, गाणी तेवढी ऐकू दे."

एका दुपारी चिडूनच तिच्या खोलीत गेले. तिनं काही न बोलता एक इयरफोन माझ्या हातात दिला. मला वाटलं, धांगडधिंगा असणार. पण ऐकू आली ती साधी गिटार, मधूनच व्हायोलिन, ट्रम्पेट आणि शेजारी बसून काही सांगावं तसा एका माणसाचा हळू आवाज.

"बेल अँड सेबॅस्टियन," ती म्हणाली. "स्कॉटलंडमधल्या ग्लासगोचा बँड. आई, हा गाणारा स्टुअर्ट मर्डॉक आहे ना, तो जवळजवळ सात वर्षं माझ्यासारखाच होता."

'माझ्यासारखाच' हा शब्द मला लागला. त्या रात्री मी त्याच्याबद्दल वाचत बसले.

कॉलेजात असताना मर्डॉकला एमई हा आजार झाला. यालाच क्रॉनिक फटीग सिंड्रोम म्हणतात. यात झोपून थकवा जात नाही. अंगाला झेपेल त्यापेक्षा थोडं जास्त काम झालं, तरी पुढचे कितीतरी दिवस त्रास वाढतो. नेमकं निदान करणारी एकच एक तपासणी नसल्यामुळे 'नाटकं करतोय' हे ऐकून घ्यावं लागतं ते वेगळंच. शिक्षण सुटलं, मित्र पुढे निघून गेले. त्या रिकाम्या वर्षांत तो पियानोवर बसून गाणी रचू लागला.

जरा सावरल्यावर ग्लासगोच्या स्टो कॉलेजमध्ये बेरोजगार कलाकारांसाठी असलेल्या एका वर्गात तो गेला. तिथे त्याला स्टुअर्ट डेव्हिड हा साथीदार भेटला. त्याच कॉलेजात संगीत व्यवसाय शिकणारे विद्यार्थी दरवर्षी एक रेकॉर्ड काढत. एरवी ते एखादं गाणं काढायचे, पण मर्डॉकजवळ अख्ख्या अल्बमची गाणी तयार होती. अवघ्या काही दिवसांत रेकॉर्डिंग झालं आणि 1996 मध्ये 'टायगरमिल्क' या अल्बमच्या फक्त 1000 प्रती निघाल्या. त्याच वर्षी दुसरा अल्बमही आला. मुलगा आणि त्याचा कुत्रा यांच्या एका फ्रेंच बालकथेवरून बँडचं नाव ठेवलं होतं. गाणारा तेव्हा एका चर्चच्या हॉलवरच्या खोलीत राहायचा आणि तिथली देखभाल करायचा. ना फारशा मुलाखती, ना फोटो. तरी 1999 मध्ये श्रोत्यांच्या मतांवर त्यांना नवोदितांचा ब्रिट पुरस्कार मिळाला.

सकाळी मी लेकीला हे सांगू लागले, तर तिला सगळं पाठ होतं. उलट तिनंच मला दौऱ्याची एक गंमत सांगितली. 2017 मध्ये अमेरिकेत त्यांची बस रात्री नॉर्थ डकोटातल्या एका वॉलमार्टपाशी थांबली. ड्रमर रिचर्ड कोलबर्न पायजम्यातच खाली उतरला आणि बस त्याला तिथेच सोडून निघून गेली! बरंच पुढे गेल्यावर बाकीच्यांच्या लक्षात आलं. शेवटी तो विमानानं मिनेसोटात जाऊन त्यांना मिळाला.

आम्ही दोघी पोट धरून हसलो. कितीतरी महिन्यांनी. मग ती हळूच म्हणाली, "आई, माझी बसपण गेलीय गं. सगळ्या मैत्रिणी शेवटच्या वर्षाला गेल्या."

मला बोलवेना. दोन वर्षं मी त्या पायजम्यातल्या माणसाला 'धावत का नाहीस' म्हणून ओरडत होते.

नंतर आम्ही दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी तिचं नीट ऐकून घेतलं. म्हणाले, "हिला ढकलू नका. थकायच्या आधीच विश्रांती घ्यायची." आता आम्ही दिवसाची कामं वाटून ठेवतो. केस धुतले त्या दिवशी अभ्यास नाही. परीक्षेला सगळे विषय एकदम नाहीत. सासूबाईसुद्धा आता कुणी विचारलं तर "नात आजारी आहे" असं सांगतात, 'आळशी' म्हणत नाहीत.

गाणी ऐकून आजार बरा होतो, असं मी म्हणणार नाही. 2023 मध्ये मर्डॉकच्या तब्येतीमुळेच बँडला दौऱ्यातले कार्यक्रम रद्द करावे लागले. ते वाचून मी घाबरले होते. लेक मात्र शांत होती. "रद्द केले, गाणं नाही सोडलं," म्हणाली. पुढच्याच वर्षी त्या आजारपणावर बेतलेली त्याची 'नोबडीज एम्पायर' ही कादंबरी आली.

सासऱ्यांची जुनी पेटी माळ्यावर धूळ खात पडली होती. गेल्या महिन्यात तिनं ती खाली काढायला लावली. मोबाइलवर दहा मिनिटांचा गजर लावते, तेवढंच वाजवते आणि पडून राहते. काही दिवशी तेही होत नाही.

काल ती वाजवत होती आणि इकडे कुकरची शिट्टी होण्याच्या बेतात होती. मी पटकन गॅस बंद केला. वरण दहा मिनिटं उशिरा शिजलं तरी चालेल.