फ्रेंच दिग्दर्शक रॉबेर ब्रेसाँ यांना केजहून पत्र

रा. रा. ब्रेसाँ यांस,


दिवाळी झाली, ऊसतोडीच्या टोळ्या उचल घेऊन साखर कारखान्यांकडे गेल्या. गावात म्हातारी माणसं आणि शेळ्या. अशात तुमचा ‘ओ आझार बाल्ताझार’ पुन्हा पाहिला. १९६६ चा कृष्णधवल सिनेमा, नायक गाढव. पारावर सांगितलं तर हसतील. हसू द्या.

आमच्या तालुक्यात विडा गावी धुळवडीला जावयाला गाढवावर बसवून मिरवतात. वर कपडे, सोन्याची अंगठीही देतात. साऱ्यांचे डोळे जावयावर. पुण्याच्या फिल्म अर्काइव्हमध्ये तुमचा बाल्ताझार भेटला आणि पुढच्या धुळवडीला मी आधी गाढवाच्या डोळ्यांत पाहिलं. हे ऋण तुमचं.

तुम्ही मूळचे चित्रकार, म्हणून काय वगळायचं ते तुम्हाला उमगलं. कसलेले नट नकोत, भिंग शक्यतो पन्नास मिलिमीटरचं. पडद्यावर हात, पाय, दोर, दार. सर्कशीत बाल्ताझार वाघाकडे, अस्वलाकडे, माकडाकडे, हत्तीकडे बघतो. तेही त्याच्याकडे बघतात. ना संवाद, ना संगीत, तरी घसा दाटतो. नामावलीत तर शूबर्टचा पियानो थांबवून तुम्ही गाढवाचं ओरडणं ऐकवता. इतका मान त्याला दुसऱ्या कुणी दिला?

पण रागही आहे. गोळी लागलेल्या त्या मुक्या जिवाला मेंढरांच्या कळपात मरू दिलंत. त्याला जीव लावणाऱ्या मारीच्या दुःखापाशीही थांबला नाहीत. इतकं आवरून धरवलं कसं हो तुम्हाला?

आमच्याकडे उलट. ऊसतोडीवरच्या कितीतरी लघुपटांत कोयता दिसायच्या आधीच बासरी रडू लागते आणि कॅमेरा आईच्या चेहऱ्याला चिकटतो. डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढणारे पाय दिसत नाहीत. पाचटानं कापलेली बोटं दिसत नाहीत. गाडीबैल तर कुणाच्या खिजगणतीतच नाहीत. पाहणारा हळहळतो, पण त्या बाईनं दिवसभर नेमकं काय केलं हे त्याला कळत नाही. मला हे फार लागतं.

म्हणून विनंती. १९६९ च्या ‘यून फाम दूस’ या सिनेमाच्या वेळी तुम्ही कुमार शहानींना हाताशी घेतलंत; ते पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटचे, म्हणजे प्रभात स्टुडिओच्या जुन्या आवारातले. तेव्हा आम्ही अगदीच परके नाही. मोबाइल घेऊन फडावर जाणाऱ्या आमच्या पोरांच्या पाठीशी उभे राहा. चेहऱ्याची घाई करू नका, म्हणावं. बासरी घरी ठेवा. आधी फळीवरचे पाय टिपा.

पट्टा पडायच्या, म्हणजे कारखान्यांचा हंगाम संपायच्या आत एवढं करा. लोभ असावा.

आपला,
केज तालुक्यातला एक प्रेक्षक